किल्ल्या चव्हाट्यावर, तरी गुपित शाबूत?

प्रश्न : माझा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. नोकरी सांभाळून तो एक 'कीसर्व्हर' चालवतो. जगभरच्या लोकांच्या किल्ल्या त्यावर ठेवलेल्या असतात आणि मागेल त्याला त्या मिळतात, असं तो सांगतो. या कामाचे त्याला पैसे मिळत नाहीत, उलट भाडं तोच भरतो. दिवाळीला गावी आला तरी 'जर्मनीचा सर्व्हर सिंक होत नाही' म्हणत रात्री लॅपटॉप उघडून बसला. किल्ल्या सगळ्यांनाच वाटायच्या तर कुलूप लावायचं कशाला? एवढ्या किल्ल्या हाताशी असल्यावर तो कुणाचंही पत्र वाचू शकत असेल ना? उद्या पोलीस दारात आले तर? आणि हे यंत्र इथे आमच्या घरी ठेवलं तर चालेल का? निदान भाडं तरी वाचेल.
— एक वाचक, साखरा (ता. सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : एका पत्रात तुम्ही बरेच प्रश्न बांधून पाठवलेत, तेव्हा गाठी एकेक करून सोडवू. सगळ्यात मोठी काळजी आधी मिटवतो. तुमचा पुतण्या कुणाचंही पत्र वाचू शकत नाही. त्याच्याकडे लाखो किल्ल्या असल्या तरी त्यांतली एकही कुलूप उघडणारी नाही.

जुन्या पद्धतीत ज्या किल्लीने मजकूर बंद करायचा, तिनेच तो उघडायचा. मग ती किल्ली समोरच्याकडे गुपचूप पोचवायची कशी, हा पेच कायम असे. 1976 मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी त्यावर तोड मांडली. प्रत्येकाने एक किल्ली न बाळगता किल्ल्यांची जोडी बाळगायची. एक सार्वजनिक, जी जगजाहीर करायची आणि दुसरी खासगी, जी कुणालाही द्यायची नाही. सार्वजनिक किल्लीने बंद केलेला मजकूर फक्त तिच्या जोडीच्या खासगी किल्लीने उघडतो. तुम्ही उघडी कुलपं गावभर वाटावीत आणि किल्ली मात्र कनवटीला ठेवावी, तसं हे आहे. कुणीही तुमचं कुलूप घेऊन पेटी बंद करू शकतो, पण उघडणार फक्त तुम्ही. पुतण्याच्या सर्व्हरवर जे साठलं आहे ते या हिशेबाने कुलपांचं भांडार आहे. तिथे चोरण्यासारखं काही नाही, कारण जे आहे ते मागेल त्याला मिळतंच.

हीच जोडी उलट दिशेनेही चालते. खासगी किल्लीने सही करायची आणि ती खरी की खोटी हे सार्वजनिक किल्लीने कुणीही तपासायचं. हा प्रकार तुमच्या गावात कधीच पोचला आहे. ग्रामपंचायतीची बिलं ई-ग्रामस्वराजवरून निघतात तेव्हा ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच आपापलं डीएससीचं, म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचं, डोंगल लावतात. त्या डोंगलात त्यांची खासगी किल्ली असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तुम्ही ऑनलाइन काढत असाल, तर तोही याच गणितावर उभा आहे. त्यामुळे पुतण्याचं काम फार परकं मानायचं कारण नाही.

आता प्रश्न येतो तो सार्वजनिक किल्ली सापडण्याचा. फिल झिमरमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने 1991 मध्ये पीजीपी नावाचा प्रोग्रॅम काढला आणि सामान्य माणसाच्या हातात पक्कं कुलूप आलं. अमेरिकेत त्या काळी असं सॉफ्टवेअर परदेशी पाठवणं शस्त्रांच्या निर्यातीच्या नियमांत बसत असे. झिमरमनमागे काही वर्षं चौकशी लागली, ती 1996 मध्ये खटला न भरताच थांबली. तोवर पीजीपी जगभर पसरलं होतं. पण ज्याला कधी भेटलो नाही, त्याला बंद पत्र पाठवायचं तर त्याची सार्वजनिक किल्ली आणायची कुठून? याचं उत्तर म्हणजे कीसर्व्हर. किल्लीवाल्याने आपली सार्वजनिक किल्ली तिथे चढवायची, गरजवंताने नाव किंवा ईमेल टाकून ती उतरवून घ्यायची. एमआयटीत मार्क होरोविट्झ यांनी सुरुवातीचा असा सर्व्हर चालवला. सर्व्हरशी बोलण्याच्या पद्धतीला आजही त्यांच्याच आडनावावरून 'एचकेपी' म्हणतात आणि तिचा ठरलेला पोर्ट आहे 11371.

'आम्ही तर असं काही करत नाही, तरी व्हॉट्सॲप गुपित कसं राहतं?' असं तुम्ही विचाराल. तिथेही किल्ल्यांच्या जोड्याच आहेत, फक्त सार्वजनिक किल्ल्या पुरवणारा सर्व्हर कंपनीचा असतो आणि तुम्हाला तो दिसत नाही. पीजीपीच्या दुनियेत अशी एक मालक कंपनी नाही. म्हणून हे भांडार तुमच्या पुतण्यासारखे स्वयंसेवक, विद्यापीठं आणि काही संस्था आपापल्या खर्चाने सांभाळतात. हे बहुतेकांचं हौसेचं काम, पण त्याचा आधार घेणारे पुष्कळ आहेत. लिनक्सच्या प्रोग्रॅमांवर त्यांच्या निर्मात्यांची अशीच सही असते आणि ती तपासायला सार्वजनिक किल्ली लागते. संगणक सुरक्षेचं काम पाहणारी आपली सर्ट-इन ही सरकारी संस्थासुद्धा लोकांनी त्रुटी गुप्तपणे कळवाव्यात म्हणून स्वतःची पीजीपी किल्ली जाहीर करते.

इथे एक गैरसमज हमखास होतो. किल्ली सर्व्हरवर सापडली म्हणजे ती त्या माणसाचीच, असं लोक धरून चालतात. तसं मुळीच नाही. सर्व्हर किल्ली ठेवतो, तिची हमी देत नाही. तुमच्या नावाने, तुमचा ईमेल घालून मी आत्ता एक जोडी बनवून जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवर चढवली, तर तो ती मुकाट्याने घेईल. पूर्वी लोक किल्ली ओळखायला तिच्या शेवटच्या आठ अक्षरांचा छोटा क्रमांक वापरत. असे क्रमांक 429 कोटींच्या आसपास होतात. आकडा मोठा वाटतो, पण 2014 मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर हव्या त्या छोट्या क्रमांकाची बनावट किल्ली चार सेकंदांत तयार होते. पुढे 2016 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या नावाची तशी बनावट किल्ली सर्व्हरांवर आढळलीही.

मग खरी किल्ली ओळखायची कशी? प्रत्येक किल्लीचा पूर्ण ठसा असतो, त्याला फिंगरप्रिंट म्हणतात. प्रचलित किल्ल्यांत तो 40 अक्षरांचा असतो. किल्ली सर्व्हरवरून घ्यायची आणि फिंगरप्रिंट मात्र दुसऱ्या वाटेने, म्हणजे समोरासमोर किंवा ओळखीच्या आवाजात फोनवर, ताडून पाहायचा. डेबियन या लिनक्सची मंडळी जमली की एकमेकांची ओळखपत्रं पाहून, फिंगरप्रिंट जुळवून परस्परांच्या किल्ल्यांवर सह्या करण्याची जुनी चाल आहे. त्यांचं जागतिक संमेलन 2023 च्या सप्टेंबरात कोचीला भरलं होतं. व्हॉट्सॲपमध्येही याच कामासाठी 60 आकड्यांचा सुरक्षा कोड दिलेला असतो, आपण तो कधी उघडून पाहत नाही एवढंच.

डीएससीची व्यवस्था इथे वेगळी वाट धरते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 प्रमाणे केंद्र सरकारने एक नियंत्रक नेमला आहे. तो काही कंपन्यांना परवाने देतो आणि त्या कंपन्या कागदपत्रं तपासून सरपंचाच्या किल्लीवर हमीची मोहोर उठवतात. म्हणजे विश्वास वरून खाली झिरपतो. ई-आधारची पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडली की सहीच्या जागी बरेचदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, ते यामुळेच. सही खोटी असते असं नाही. ही हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का, हे तुमच्या सॉफ्टवेअरला अजून कुणी सांगितलेलं नसतं. पीजीपीत असा वरचा साहेब नाही. तिथे ज्याने त्याने ओळख पटवायची आणि आपल्या सहीने ती पुढच्याला सांगायची.

आता जर्मनीच्या सर्व्हरकडे वळू. सगळं एकाच यंत्रावर ठेवलं तर ते बंद पडलं की साऱ्यांची अडचण. शिवाय त्याच्या मालकाने मनात आणलं तर एखादी किल्ली दडपता येईल. म्हणून पुष्कळ सर्व्हर हवेत आणि प्रत्येकाकडे सगळं हवं. सुरुवातीचे सर्व्हर नवी किल्ली आली की ती एकमेकांना ईमेलने धाडत. ईमेल हरवला की दोन सर्व्हरांमध्ये तफावत पडे आणि ती कुणाच्या लक्षातही येत नसे.

यारॉन मिन्स्की यांनी लिहिलेल्या एसकेएस या सॉफ्टवेअरने हा गुंता सोडवला. त्यामागचं गणित त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 2003 मध्ये शोधनिबंधात मांडलं. ते शाळेतल्या बीजगणिताला धरूनच आहे. प्रत्येक किल्लीचा एक आकडी ठसा काढायचा. ते सगळे आकडे अवयव म्हणून घेऊन प्रत्येक सर्व्हर एक बहुपदी रचतो. मग दोघे ठरलेल्या काही ठिकाणी आपापल्या बहुपदीची किंमत काढून ती एकमेकांना कळवतात. एकीला दुसरीने भागलं की दोघांकडचे समान अवयव कटून जातात आणि उरतात ते फक्त फरकाचे. समजा, दोघांकडे पन्नास लाख किल्ल्या आहेत आणि फरक आहे वीस किल्ल्यांचा. तर पन्नास लाखांची यादी पाठवावी लागत नाही. बोलणं वीसच्या हिशेबात होतं, मग नेमक्या त्या वीस किल्ल्या मागवून घेतल्या जातात. हे बोलणं पोर्ट 11370 वर, थोड्या थोड्या वेळाने, आपोआप चालू असतं.

हा शेजार मात्र आपोआप जुळत नाही. तुमच्या पुतण्याला जर्मनीतल्या चालकाला विनंती करावी लागते आणि आपल्या सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, संपर्काचा ईमेल आणि स्वतःच्या किल्लीचा क्रमांक अशी एक ओळ द्यावी लागते. ती ओळ समोरचा आपल्या सर्व्हरच्या यादीत घालतो आणि त्याची ओळ पुतण्या आपल्या यादीत. दोन्हीकडे नोंद असली तरच देवाणघेवाण होते. एकाने सर्व्हरचा पत्ता बदलला, फायरवॉलने पोर्ट अडवला किंवा नोंद काढली गेली की सिंक थांबतं. अशा वेळी खोळंबा होऊ नये म्हणून शहाणा चालक वेगवेगळ्या देशांतले अनेक जोडीदार ठेवतो. त्यातला एक रुसला तरी बाकीच्यांकडून किल्ल्या येतच राहतात. म्हणजे दिवाळीच्या रात्री पुतण्याने लॅपटॉप मिटून फराळाला बसायला खरं तर हरकत नव्हती.

रोजचं कामही असंच बिनबोभाट असतं. सर्व्हर नवा उभारायचा तर आधी कुणाकडून तरी साऱ्या किल्ल्यांचा डम्प, म्हणजे एकगठ्ठा प्रत, आणून भरायची. कारण रिकाम्या सर्व्हरने थेट जोडीदाराशी बोलणं सुरू केलं तर फरक लाखांचा निघतो आणि वरचं गणित तुंबतं. मग डिस्क भरत आली का ते पाहायचं. एसकेएसच्या डेटाबेसचे लॉग वेळच्या वेळी काढले नाहीत तर तेच जागा खाऊन टाकत. शिवाय हे सॉफ्टवेअर एका वेळी एकच काम हाती घेई, म्हणून त्याच्यापुढे एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी उभा करावा लागे. आता बहुतेकांनी एसकेएस सोडून गो भाषेत लिहिलेलं हॉकीपक घेतलं आहे. ते पोस्टग्रेस हा नेहमीच्या वापरातला डेटाबेस वापरतं, तरी बॅकअप, सुरक्षेचे अपडेट आणि लोकांच्या ईमेलना उत्तरं देणं यातून चालकाची सुटका नाही.

त्या ईमेलांत एक विनंती नेहमी असते : 'माझी किल्ली काढून टाका.' आणि इथेच या व्यवस्थेचं दुखणं आहे. दोन सर्व्हरांच्या प्रती वेगळ्या निघाल्या तर दोन्हीतलं सगळं एकत्र करायचं, पण टाकायचं काहीच नाही, असा मूळचा नियम. त्यामुळे पुतण्याने एखादी किल्ली पुसली तरी पुढच्या बोलण्यात जोडीदार ती त्याला पुन्हा आणून देणार. कुणाच्या दबावाखाली किल्ली गायब होऊ नये म्हणून हा नियम केला होता. तोच पुढे गळ्याशी आला. किल्लीसोबत माणसाचं नाव, ईमेल आणि कधी फोटोही असतो. युरोपात 25 मे 2018 पासून जीडीपीआर हा कायदा लागू झाला आणि लोक आपली माहिती पुसून मागू लागले. आपल्याकडेही 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याची तरतूद आहे. पण जिथे पुसताच येत नाही, तिथे चालक करणार काय?

दुसरा घाव 2019 च्या जूनमध्ये बसला. कुणाच्याही किल्लीवर कुणीही सही जोडू शकतो, या मोकळिकीचा फायदा घेऊन कुणीतरी रॉबर्ट हॅन्सन आणि डॅनियल कान गिलमोर या पीजीपीच्या दोन जुन्या जाणत्यांच्या किल्ल्यांवर ढिगाने बनावट सह्या चिकटवल्या. हॅन्सन यांच्या किल्लीवर त्या दीड लाखाच्या घरात गेल्या. ती किल्ली उतरवून घेतली की वापरणाऱ्याचा प्रोग्रॅमच गुदमरून बसे. आणि काहीच पुसायचं नाही या नियमामुळे ही घाण सगळ्या सर्व्हरांवर कायमची राहिली. पुढच्याच महिन्यात जीएनयूपीजी या प्रोग्रॅमने कीसर्व्हरवरून आलेल्या परक्या सह्या आपणहून गाळायला सुरुवात केली. हॉकीपकमध्येही अवाढव्य किल्ल्या नाकारण्याची आणि ठरावीक किल्ल्या काळ्या यादीत टाकण्याची सोय आली. स्वयंसेवकांचे सर्व्हर एका नावाखाली आणणारा एसकेएसचा पूल मात्र माहिती पुसण्याच्या मागण्यांपुढे 2021 च्या जूनमध्ये बंद झाला.

त्याच 2019 च्या जूनमध्ये कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग ही वेगळ्या विचाराची सेवा सुरू झाली. ती ईमेलवर दुवा पाठवून मालकाची संमती घेते आणि मगच त्याचं नाव-ईमेल दाखवते. परक्या सह्या वाटत नाही, मालकाने सांगितलं तर माहिती काढूनही टाकते. पण ती जुन्या सर्व्हरांशी सिंक होत नाही, सारा कारभार एकाच ठिकाणी. म्हणजे एका बाजूला कुणा एकाच्या हातात नसलेलं पण पुसता न येणारं भांडार, दुसऱ्या बाजूला नीटनेटकं पण एकाच घरचं. तुमचा पुतण्या पहिल्या बाजूच्या मोजक्या शिलेदारांपैकी आहे. त्याच्या धडपडीचं मोल माझ्या मते एवढंच, पण ते थोडं नाही. एखाद्या मोठ्या सेवेने दार लावलं, तर मागचं दार उघडं ठेवणारा कुणीतरी असावा लागतो.

पोलिसांबद्दल तुम्ही विचारलंत. सार्वजनिक किल्ल्या वाटणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली सरकार बंद मजकूर उघडून मागू शकतं. पण ज्याच्याकडे खासगी किल्लीच नाही, तो उघडणार काय? कीसर्व्हरवर पत्रंही नसतात, फक्त किल्ल्या असतात. केंद्र सरकारने 2015 च्या सप्टेंबरात एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला होता. नागरिकांनी पाठवलेला मजकूर 90 दिवस उघड्या रूपात जपून ठेवावा, असं त्यात होतं. ओरड झाल्यावर लगोलग तो मागे घेतला गेला. हो, एक मात्र आहे. पुतण्या भाड्याचा सर्व्हर भारतातून घेत असेल, तर सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार त्याचं नाव, पत्ता, संपर्क ही माहिती त्या कंपनीला ठेवावी लागते, तो ग्राहक राहिला नाही तरी पुढे 5 वर्षं. थोडक्यात, पुतण्याचा हा काही लपून-छपून चाललेला उद्योग नाही.

राहिला प्रश्न साखऱ्यातल्या घराचा. जागेचा काही प्रश्न नाही. या साऱ्या किल्ल्या मोबाइलच्या मोठ्या मेमरी कार्डावर मावतील. अडचण आहे ती पत्त्याची. घरगुती इंटरनेट आणि मोबाइलच्या जोडणीत कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरच्याला तुमच्या यंत्रापर्यंत येता येत नाही. जर्मनीचा सर्व्हर दार ठोठावणार कुठे? त्यासाठी वेगळे पैसे मोजून स्थिर आयपी घ्यावा लागतो. वीज गेली म्हणून मात्र फार बिघडत नाही. सगळं जोडीदारांकडे असतंच आणि यंत्र पुन्हा सुरू झालं की राहिलेला फरक भरून निघतो. फक्त आठवडेच्या आठवडे बंद राहिलं तर पुन्हा डम्प भरण्यापासून सुरुवात. इन्व्हर्टरची बॅटरी आणि स्थिर आयपीचा खर्च धरला तर भाडं वाचण्याची आशा धरू नका.

शेवटी तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. हे वाचून स्वतःची किल्ली बनवावीशी वाटली, तर जुन्या सर्व्हरांवर चढवण्याआधी विचार करा, कारण तिथे गेलेलं नाव आणि ईमेल परत येत नाही. जोडी बनवाल त्याच दिवशी ती रद्द करण्याचं सर्टिफिकेटही काढून ठेवा. खासगी किल्ली हरवली किंवा चोरीला गेली तर ते किल्लीला जोडून सर्व्हरवर चढवून 'ही किल्ली आता वापरू नका' असं जगाला सांगता येतं. आणि गावात कुणाचं डीएससीचं डोंगल पिन लिहिलेल्या चिठ्ठीसह ऑपरेटरच्या टेबलावर पडलेलं दिसलं, तर त्यांना आजच ते घरी न्यायला सांगा. पुतण्याच्या सर्व्हरवरच्या लाखो किल्ल्या चोरून कुणाचं काही बिघडणार नाही, पण अशी डोंगलं चुकीच्या हातात गेली तर ग्रामपंचायतीचं खातं रिकामं होऊ शकतं.